तिसरं पान आणि नववं पान

जळगाव, २० नोव्हेंबर २०२५

हितेंद्र,

फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून टपालाने लिहिते आहे. कागद मध्येच 'बरं, मीटिंग आहे, ठेवतो' म्हणत नाही. 'प्रिय' लिहायची जुनी सवय हातात होती, ती आवरली.

तुझा अहवाल वाचला. माझ्याकडे कसा आला, ते सांगते. माझ्या शेजारच्या खोल्यांत दोन वर्षांपासून कुंदाबाई राहतात. एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात कामाला आहेत. त्यांचा तीन वर्षांचा पगारकरार या दिवाळीला संपला. कामगारांनी बारा टक्के वाढ मागितली. मालकाने दोन टक्के देऊ केले आणि सोबत पुण्याहून मागवलेला अहवाल जोडला. वीस पानं, गुळगुळीत कागद, सगळा इंग्रजीत. युनियनमध्ये कोणालाच तो धड वाचता येईना. कुंदाबाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही कॉलेजात आकडेच शिकवता ना, जरा सांगा यात काय आहे." मी दाराशी उभ्या उभ्या पहिलं पान उलटलं. दुसऱ्यावर तुझं नाव होतं. नावाखाली 'अर्थविषयक सल्लागार'.

कुंदाबाईंना तू माहीत नाहीस. चार वर्षांत तू या घराकडे फिरकला नाहीस, तर त्यांना माहीत असणार कसा? मीही काही बोलले नाही. म्हटलं, वाचून सांगते.

वाचलं. एम.एस्सी.ला आपण एकाच बाकावर बसायचो. निर्देशांकाचा पेपर तू माझ्या वहीवरून घोकून पास झालास. तेवढीच विद्या तुझ्याकडे असेल आणि ती तू विसरला असशील, तर तुझी कीव करून मी गप्प बसले असते. पण तू विसरलेला नाहीस, म्हणूनच चीड येते.

तू लिहिलंस, 'देशातील महागाईचा दर ऑक्टोबरमध्ये पाव टक्क्यावर आला आहे. सबब दोन टक्के वाढ ही उदार म्हणावी लागेल.' पाव टक्का खरा आहे. सरकारने तो जाहीर केला आहे, आणि सरकारचे आकडे सगळे बनावट असतात म्हणणाऱ्या चहाच्या टपरीवरच्या विद्वानांतली मी नाही. पण तो पाव टक्का म्हणजे मागच्या ऑक्टोबरच्या तुलनेत या ऑक्टोबरात झालेली वाढ. मागच्या ऑक्टोबरात भाजीपाला आभाळाला भिडला होता, यंदा उतरला. महागाई मोजायच्या टोपलीत जवळजवळ निम्मा भार खाण्यापिण्याचा, म्हणून सगळा दर खाली दिसतो. मुलाच्या शाळेची फी उतरली नाही, दवाखाना उतरला नाही, खोलीचं भाडं उतरलं नाही. आणि हे सोड. करार तीन वर्षांचा होता ना? मग तीन वर्षांपूर्वीचा निर्देशांक घ्यायचा, आजचा घ्यायचा, भागाकार करायचा. एवढंच. कामगारांसाठी सरकार वेगळा निर्देशांक काढतं, तो तीन वर्षांत अकरा टक्क्यांच्या वर चढला आहे. म्हणजे कारखान्यातल्या बाईला अकरा टक्के वाढ मिळाली, तर ती जिथे होती तिथेच राहणार. तुझ्या दोन टक्क्यांत ती मागे जाते. तिला मागे ढकलायचे पैसे घेतलेस आणि वर 'उदार' हा शब्द वापरलास.

शिवाय पान पाच, 'जळगाव जिल्ह्यातील महागाई'. जिल्ह्याचा असा आकडा निघतच नाही, हितेंद्र. कामगारांचा निर्देशांक नाशिकचा निघतो, जळगावचा नाही. हा तू कुठून आणलास? रेल्वेत बसून?

हा अहवाल मागे घे. चुकीची दुरुस्ती म्हणून घे. कोणाला काही कळणार नाही. ती तरतूद मी तुझ्यासाठी करून ठेवली आहे.

चारुलता


जळगाव, २९ नोव्हेंबर २०२५

हितेंद्र,

पत्राला उत्तर म्हणून तू मोबाइलवर एक ओळ पाठवलीस, 'आकडे माझे नाहीत, सरकारचे आहेत.' मला हसू आलं. खाटीक म्हणतो तसं वाटलं, सुरी माझी नाही, लोहाराची आहे.

तर सरकारच्या आकड्यांबद्दलच बोलू. तिसऱ्या पानावर तू म्हणतोस, बेरोजगारी जेमतेम तीन टक्के आहे, लोकांच्या हाताला भरपूर काम आहे, त्यामुळे कामगारांच्या हालअपेष्टांच्या गोष्टी अतिशयोक्त आहेत. नवव्या पानावर म्हणतोस, तरुणांमधली बेरोजगारी पंधरा टक्क्यांच्या घरात आहे, त्यामुळे संप झालाच तर 'पर्यायी मनुष्यबळ सहज उपलब्ध' आहे. एकाच अहवालात, सहा पानांच्या अंतरावर. तिसऱ्या पानावर माणसांची टंचाई, नवव्या पानावर फाटकाबाहेर रांग. काम भरपूर असेल तर कामगाराला भाव मिळायला हवा. रांग असेल तर तो भरल्या पोटाचा नाही. मालकाला तिसऱ्या पानाची अब्रू हवी होती आणि नवव्या पानाची धमकी. तू दोन्ही पुरवलंस.

दोन्ही आकडे एकाच सर्वेक्षणातले आहेत, हे मला ठाऊक आहे. तीन टक्के हा वर्षभराच्या मापाने काढलेला, सगळ्या वयांचा. पंधरा हा आठवड्याच्या मापाने, फक्त तरुणांचा. दोन मापं दोन कामांसाठी असतात. तू मापाचं नाव दोन्हीकडे गाळलंस. पहिल्या वर्षाच्या मुलाने असं केलं, तर मी त्याला वर्गाबाहेर काढते.

कुंदाबाईंचे यजमान झुलालभाऊ. दोन वर्षांपूर्वी दालमिलमधलं काम सुटलं. आता मेव्हण्याची रिक्षा आठवड्यातून दोन संध्याकाळी चालवतात. आठवड्यात तासभर जरी काम केलं, तरी आठवड्याच्या मापात माणूस कामाला लागलेला धरतात. म्हणजे झुलालभाऊ बेरोजगार नाहीत. त्यांची मोठी मुलगी बी.कॉम. झाली, दीड वर्ष अर्ज केले, आता करत नाही. जी शोधत नाही ती बेरोजगारांत मोजलीच जात नाही. तीही बेरोजगार नाही. व्याख्या जगभर अशाच असतात, मी त्यांच्याशी भांडत नाही. पण त्या घरात बसून चहा प्यायल्यावर 'हाताला भरपूर काम' असं लिहायला वेगळं काळीज लागतं. तुझ्याकडे ते पूर्वी नव्हतं. पुण्यात मिळतं वाटतं.

आता कामाचं. सोळा डिसेंबरला कामगार अधिकाऱ्यांपुढे बैठक आहे. मालकाच्या बाजूने तू स्वतः येणार आहेस, असं नोटिशीत लिहिलंय. युनियनचे सेक्रेटरी तोतारामभाऊ काल घरी आले आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या बाजूने तुम्ही बोला." मी हो म्हटलं.

तू माझा नवरा आहेस, हे त्यांना सांगितलेलं नाही. त्यांना काळजी वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला समजावते. खरं म्हणजे लाज वाटते. एकेकाळी मला तुझं नाव सांगायला कारण लागत नसे.

अजून सतरा दिवस आहेत. मागे घे.

चारुलता


सोनगीर, ७ डिसेंबर २०२५

हितेंद्र,

कालपासून तुझ्या माहेरी आहे. माहेर हा शब्द तुलाच शोभतो, कारण सासरी गेलेल्या मुलीसारखा तू सणालाही येत नाहीस. पुनामामांचं छप्पर यंदा शाकारून झालं. किल्ल्याकडच्या अंगाला त्यांनी नवा गोठा घातला. मायचं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन धुळ्याला झालं, हे तुला मामांनी कळवलं होतं. तू 'काळजी घ्या' असं उत्तर धाडलंस, तेही त्यांनी मला वाचून दाखवलं. काळजी घेतली. मी घेतली.

मायला न सांगता सोळा तारखेला उभं राहणं मला जमलं नसतं. तुझे वडील गेल्यावर ती जळगावला आली आणि वीस वर्षं चटईच्याच कारखान्यात कडा शिवत बसली. तो कारखाना बंद पडला, तोवर तू एम.एस्सी. झाला होतास. म्हणून तिला अगोदर कळायला हवं होतं. अहवाल समोर ठेवला, मराठीत सांगितला.

तिने पहिल्यांदा काय विचारलं असेल? हे सगळं तूच लिहिलंस का, एवढंच.

"हाई बठ्ठं हितूनं लिखेल शे?"

"हो."

"इंग्रजीमा?"

"हो, माय."

तिने पदराने हात पुसले आणि त्या गुळगुळीत पानावरून फिरवले. चेहरा असा फुलला की मला पुढचं बोलवेना. तरी बोलले. याच्यामुळे तुझ्यासारख्याच बायांचा पगार अडला आहे, म्हटलं. त्याने जाणूनबुजून केलंय, म्हटलं. मला वाटत होतं, ती तुझ्या नावाने बोटं मोडेल.

ती म्हणाली, "त्यानी नोकरी शे ती. मालक जे सांगी ते लिखनं पडस. तू काय येडी शे का?"

"नोकरी म्हणून खोटं लिहायचं?"

"तुनाच तोंडनं सांगस ना, आकडा खरा शेत? मंग खोटं कसं?" आणि मग माझ्याकडे न बघता, "तुले नवरा सांभाळता ऊना नही, आते आकडा सांभाळस."

पुनामामा उठून गोठ्याकडे गेले. मी भांडी आवरायला घेतली. तुझ्याविषयी माझ्या मनात जी तुच्छता आहे तिचा थोडा वाटा त्या क्षणी मलाही मिळाला, तुझ्याच आईच्या हातून. खूश हो.

झोपायच्या आधी तिने विचारलं, "तो येनार शे का जळगावले?"

"सोळा तारखेला."

"मंग मी बी येस."

मी खूप समजावलं. तिथे काय बोलणं होईल, मी काय बोलणार आहे, सगळं सांगितलं. तिचं एकच, "माले त्याले देखनं शे." चार वर्षांनी मुलगा दोन तासांच्या अंतरावर येणार आणि ती घरी बसणार, हे तिच्या डोक्यात शिरेना. नव्या डोळ्याने तिने तुला अजून पाहिलेलं नाही.

म्हणून हे पत्र. तिला मी थांबवू शकत नाही, तुला अजून थांबवता येईल. तिच्यासमोर तो अहवाल वाचू नकोस. बारा टक्क्यांसाठी नाही, त्या बायांसाठीही नाही. नुसतं यासाठी की मागच्या बाकावर ती बसलेली असेल.

चारुलता


जळगाव, १८ डिसेंबर २०२५

हितेंद्र,

तो अहवाल तू वाचलासच.

झालं ते तुला माहीत आहे, तूही त्याच खोलीत होतास. तरी मी लिहिते, कारण तू जाताना चेहऱ्यावर 'काही विशेष घडलं नाही' असा भाव घेऊन गेलास, आणि तसंच आठवायला तुला आवडेल.

टेबलाच्या त्या बाजूला तू आणि कारखान्याचे मॅनेजर जितेंद्रसाहेब, या बाजूला तोतारामभाऊ, कुंदाबाई, मी. मधे अधिकारी बाई. माय भिंतीपाशी, दोन कामगार बायांच्या मधे, पदर डोक्यावरून घेऊन; गावाकडची ओळखीची म्हणून मी तिला कुंदाबाईंसोबत आत आणलं होतं. तू आत आलास, बसलास, लॅपटॉप उघडलास, आणि मग तिला पाहिलंस. मी तुझ्याकडेच बघत होते. तुझा हात लॅपटॉपवर थांबला. नंतर तू घसा साफ केलास आणि सुरुवात केलीस.

मला तू 'मॅडम' म्हणालास. मी तुला 'सर' म्हटलं. नवराबायकोत इतका आदर आपण पूर्वी कधी दाखवला नव्हता.

"सर, मागचा करार कधीचा?" मी विचारलं.

"ऑक्टोबर दोन हजार बावीस."

"आणि महागाई आपण कधीपासून मोजलीत?"

"मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून. तीच प्रचलित पद्धत आहे, मॅडम. बातम्यांत हाच दर येतो."

"यांचा पगार मागच्या वर्षी ठरला होता का?"

"नाही."

"मग तीन वर्षांचा आकडा किती येतो?"

तू अधिकारी बाईंकडे पाहिलंस. त्या म्हणाल्या, "सांगा." तू म्हणालास, "संदर्भ वेगळा आहे." त्या म्हणाल्या, "संदर्भ नको, आकडा सांगा." तू अकरा म्हणालास. इतक्या हळू, की तोतारामभाऊंनी "किती?" म्हणून विचारलं आणि तुला पुन्हा म्हणावं लागलं.

मग मी तिसरं पान आणि नववं पान शेजारी शेजारी ठेवलं. बाईंनी दोन्ही परिच्छेद मोठ्याने वाचले. जितेंद्रसाहेबांना विचारलं, "तुमच्याकडे काम जास्त आहे की माणसं जास्त? यातलं एक ठरवा, मग पुढे बोलू." साहेबांनी तुझ्याकडे पाहिलं. विकत घेतलेलं टरबूज घरी आणून कापल्यावर पांढरं निघालं की माणूस जसं पाहतो, तसं. तू म्हणालास, "दोन्ही आकडे अधिकृत आहेत." मी म्हटलं, "अधिकृतच आहेत, सर. मी आपल्याबद्दल बोलते आहे."

हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवलं होतं. म्हणताना बरं वाटलं, हे कबूल करते. पण तेव्हा माय खाली बघत होती.

चहा आला तेव्हाचं लिहायलाच मी बसले आहे. अधिकारी बाईंचं लक्ष तिच्याकडे गेलं. चांगल्या मनाने त्यांनी विचारलं, "आजी, तुम्ही कुठल्या खात्यात?"

माय उठून उभी राहिली. "मी कामले नही, बाई. कुंदाबाईनासंगे उनू."

"यांच्यापैकी कोणाच्या नात्यातल्या का?"

ती तुझ्याकडे बघत नव्हती. तुझ्यामागच्या खिडकीकडे बघत होती. म्हणाली, "कोनीच नही."

ती तुला वाचवत होती, हितेंद्र. कोट घातलेल्या मुलाची आई प्लॅस्टिकच्या चपला घालून भिंतीशी बसलेली कोणाला कळू नये म्हणून. तुला एवढंच करायचं होतं, कप खाली ठेवायचा आणि म्हणायचं, 'ही माझी आई.' त्याने तुझी फी बुडाली नसती. तीन शब्दांचं काम. तू चहात बिस्कीट बुडवलंस. ते मोडून कपात पडलं आणि तू ते चमच्याने काढत बसलास.

निकाल तुला कळला असेलच. दहा टक्के, आणि पुढचा महागाई भत्ता कामगारांच्या निर्देशांकाला जोडलेला. त्याच्या बदल्यात नव्या भरतीतली निम्मी माणसं ठेकेदाराकडून घ्यायची, हे युनियनने मान्य केलं. आत असलेल्यांनी बाहेरच्यांना विकलं, आणि तोतारामभाऊंना त्यात विजय दिसतो. मी बोलले, कोणी ऐकलं नाही. म्हणजे तुच्छता वाटण्यासाठी मला आता पुण्यापर्यंत जावं लागत नाही.

बाहेर आल्यावर माय पायऱ्यांवर थांबून राहिली. तुझी गाडी मागच्या फाटकाने निघून गेली होती. कोणीतरी सांगितल्यावर ती चालू लागली. रिक्षात म्हणाली, "हितू जाड हुई गया." आणि थोड्या वेळाने, "कोट चांगला शे."

चारुलता


जळगाव, ४ जानेवारी २०२६

हितेंद्र,

तू पुनामामांना फोन करून 'माय रागावली आहे का' असं विचारलंस म्हणे. माय सोनगीरला नाही, माझ्याकडे आहे. माझा नंबर तुझ्याकडे आहे. मामांना मधे घालायचं कारण मला कळतं. तूही ते समजून घे.

ती रागावलेली नाही. मी हे लिहिणार नव्हते, तुला त्याचा फायदा होईल म्हणून. पण ती माझ्यासमोर बसून वाती वळते आहे आणि सारखं विचारते आहे, "लिखं का?" म्हणून लिहिते.

काल करारावर सह्या झाल्या. पाळी सुटायच्या वेळेला कारखान्याच्या फाटकाबाहेर पेढे वाटले. कुंदाबाईंनी मायला आणि मला आग्रहाने नेलं. चाळीस-पन्नास बाया असतील. सगळ्या हसत होत्या, आणि बोलणं साहजिकच तुझ्यावर आलं. बैठकीत होत्या त्यांनी नसलेल्यांना सांगितलं. एकीने तुझा आवाज काढून दाखवला, 'संदर्भ वेगळा आहे'. हुबेहूब. दुसरी म्हणाली, त्या कोटवाल्याला जन्म देणारीने तरी काय खाल्लं होतं. मग आणखी पुढचं, जे मी लिहीत नाही. मीही हसले होते. तिसऱ्या वाक्याला हसले, चौथ्याला थांबले.

माय पुढे गेली. कोणी विचारलं नव्हतं. इथे ती गप्प राहिली असती, तर कोणालाच काही कळलं नसतं.

"तो मना पोर शे," ती म्हणाली. "मना पोटना. आते बोला काय बोलनं शे ते."

जी तुझा आवाज काढत होती तिने तोंडावर पदर घेतला. कुंदाबाई मायकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. "अन मॅडम?"

"हाई मनी सून," माय म्हणाली.

त्या पन्नास बायांनी माझ्याकडे पाहिलं. तू त्या बैठकीत लपलास, मी सगळा महिना लपले, आणि अंगठ्यापुरतं लिहिता येणारी ही बाई दोघांनाही एका दमात उघड्यावर घेऊन आली. मला वाटलं होतं, फसवलं म्हणून कुंदाबाई भांडतील. त्यांनी पेढ्यांचा खोका मायपुढे धरला. "घ्या, आई."

"दोन लेस," माय म्हणाली. "एक हितूना."

कालपासून, आणि आजही सकाळी नळावर, तुझा विषय निघाला की बाया गप्प होतात. हे तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी आहे. श्रेय घेऊ नकोस. माझं मत बदललेलं नाही. तू हुशार होतास, आणि ती हुशारी तू माणसांना कमी मोजण्यासाठी वापरलीस. घटस्फोटाचे जे कागद तू दोन वर्षांपूर्वी पाठवले होतेस, ते सही करून याच पाकिटात ठेवते आहे. माय माझ्याकडेच राहणार आहे. तिला मी विचारलं, ती म्हणाली, "मी कोठे जाऊ?" भेटायला यायचं असेल तर ये. दार मीच उघडेन, तेवढं सोसावं लागेल.

तुझा पेढा तिने रुमालात बांधून माझ्याकडे दिला, पाकिटात घालून धाड म्हणाली. पेढा टपालाने जात नाही, हे तिला पटेना. काल रात्री ती झोपल्यावर मी तो खाऊन टाकला.

चारुलता